पाच वर्षांत पाच दिवस

भाद्रपद लागला की कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या स्टेशनांवर मुंबईच्या गाड्या रिकाम्या होतात. डोक्यावर बोचकी, हातात मखराचं सामान, कडेवर पेंगुळलेली पोरं. बाहेर रिक्षावाला भाडं ठरवण्याआधी विचारतो, "खंयचे?" त्याला उत्तर म्हणून लालबाग, डोंबिवली, नालासोपारा कुणी सांगत नाही. आचरा, मसुरा, चिंदर, धामापूर अशी नावं येतात. जन्म मुंबईतला, शाळा मुंबईतली, रेशनकार्ड मुंबईचं, तरी माणूस आचऱ्याचा. घराला वर्षभर कुलूप असतं, सातबाऱ्यावर पंधरा नावं असतात आणि देवळात उभं राहायची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असते. मालवणच्या किनाऱ्यावर आज बाहेरची मंडळी जमिनी घेतात, बंगले बांधतात. जत्रेत त्यांचं स्वागतही होतं. पण मानकऱ्यांत त्यांचं नाव लागत नाही, कितीही गुंठे घेतले तरी. चाकरमानी मात्र गणपतीचे पाच दिवस येतो आणि त्या पाच दिवसांवर वर्षभर गावचा राहतो.

कॅरिबियन समुद्रात अँटिग्वा आणि बार्बुडा नावाचा दोन बेटांचा देश आहे. व्हिव्हियन रिचर्ड्स, अँडी रॉबर्ट्स, कर्टली अँब्रोज ही मंडळी तिथली, म्हणून आपल्याकडच्या क्रिकेटवेड्या घरांत हे नाव जुनंच. लोकसंख्या साधारण एका मालवण तालुक्याएवढी. या देशानं २०१३ साली कायदा केला की ठरलेली रक्कम देणाऱ्या किंवा गुंतवणाऱ्या परक्या माणसाला नागरिकत्व मिळेल. राहण्याची अटही घातली. सुरुवातीला ती पाच वर्षांत पस्तीस दिवसांची होती, पुढं ती पाच दिवसांवर आणली. पहिल्या पाच वर्षांत मिळून पाच दिवस.

२०१८ मध्ये मुंबईच्या एका हिरे व्यापाऱ्यामुळं हा कायदा मराठी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. तेव्हा आपण सगळ्यांनी त्या व्यापाऱ्याची गोष्ट वाचली. ज्या बेटानं आपलं नागरिकत्व विकायला काढलं, त्या बेटाची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगितली नाही. समुद्राकाठी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती कळायला अवघड नाही. वादळ, पडलेला भाव, बाहेरून येणाऱ्या पैशावर चालणारी घरं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे.

दुसऱ्या सत्तेचा कागद विकत घेऊन संरक्षण मिळवण्याचा प्रकारही या किनाऱ्याला नवा नाही. पोर्तुगीज आले आणि १५०२ पासून त्यांनी हिंदी महासागरात कार्ताज सुरू केला. कार्ताज म्हणजे परवाना. गलबत कुणाचं, तांडेल कोण, माल कोणता, कुठून कुठं जाणार, शस्त्रं किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असे. कागदाची फी थोडी होती, पण तो घेतला की पोर्तुगीजांच्या बंदरात जाऊन जकात भरावी लागे आणि खरी कमाई तिथं होती. कार्ताजाशिवाय दिसलेलं गलबत लुटायला ते मोकळे. ज्या समुद्रावर शतकानुशतकं कुणाच्या परवानगीविना गलबतं फिरली, त्याच समुद्रात फिरायला आता परक्याचा कागद लागू लागला. दिल्लीची पातशाहीही यातून सुटली नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली, तेव्हा पोर्तुगीजांच्या परवान्यासाठी तिला सुरतेत बराच काळ थांबावं लागलं होतं.

या कागदाची खरी किंमत कळली १६१३ साली. अकबराची बेगम आणि जहांगीरची आई मरियम-उझ-जमानी हिचं 'रहिमी' नावाचं प्रचंड जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं. जहाजावर कार्ताज होता. फी भरलेली, शिक्का असलेला, पोर्तुगीजांनीच दिलेला. तरी पकडलं, कारण त्या वर्षी त्यांना इंग्रजांशी जवळीक केल्याबद्दल मोगलांना धडा शिकवायचा होता. जहांगीरनं दमणवर फौज धाडली, पोर्तुगीजांशी व्यवहार बंद केला. पण ज्यांनी कागद दिला त्यांनीच तो मानला नाही, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक व्यापाऱ्यानं पाहिलं.

आपल्याकडे अशा कागदाला कौल म्हणत. व्यापाऱ्याला राज्यानं दिलेला शब्द, की ये, व्यापार कर, तुझ्या केसाला धक्का लागणार नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली, ती या परवान्यांच्या समुद्रात आपला शब्द चालावा म्हणून. पुढं कान्होजी आंग्र्यांनी स्वतःची दस्तकं दिली. इंग्रजांशी त्यांचं जे मोठं भांडण झालं, त्यात एक मुद्दा अगदी आजच्यासारखा आहे. हिंदी व्यापारी आपला माल इंग्रजांच्या नावावर, इंग्रजांच्या बावट्याखाली हाकत आणि आंग्र्यांची जकात चुकवत. कान्होजींचं म्हणणं सरळ होतं. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांची गोष्ट वेगळी. पण इथल्या व्यापाऱ्यानं नुसता बावटा बदलला म्हणून त्याचं गलबत इंग्रजांचं होत नाही. मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरला हे मान्य नव्हतं. तोफा चालल्या त्या पुष्कळशा या एका प्रश्नावर.

देवाच्या कौलाबद्दल मालवणात वेगळं सांगायला नको. आचऱ्याला दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल मिळतो आणि गावपळण होते. माणसं, गुरं, कोंबड्या, सगळा गाव वेशीबाहेर जातो. हिंदू, मुसलमान, ख्रिश्चन सगळे. तीन दिवस, तीन रात्री झावळ्यांच्या राहुट्यांत काढायच्या आणि पुन्हा कौल घेऊन घरी परतायचं. तीन रात्री गावाला कुलपाचीही गरज भासत नाही. हे चित्र मनात ठेवा. पुढं ते लागणार आहे.

आता बेटांकडे. सेंट किट्स आणि नेव्हिस या देशाचं क्षेत्रफळ २६१ चौरस किलोमीटर. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तसे वीस देश मावतील. वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. साडेतीनशे वर्षं या बेटावर ऊस एके ऊस. आफ्रिकेतून गुलाम आणून इंग्रजांनी तो लावला, आणि गुलामी गेली तरी ऊस राहिला. १९ सप्टेंबर १९८३ रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा साखर तोट्यात होती आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. दुसऱ्याच वर्षी, १९८४ मध्ये, नव्या नागरिकत्व कायद्यात एक पोटकलम घातलं गेलं. देशात भरीव गुंतवणूक करणाऱ्याला मंत्रिमंडळ नागरिक करून घेऊ शकेल. जगात गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याचा कायदा असा इथून सुरू झाला.

त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटन आणि चीन यांचा करार होऊन हाँगकाँग १९९७ मध्ये चीनला परत जाणार हे ठरलं. हाँगकाँगमधल्या पैसेवाल्यांच्या पोटात गोळा आला. दुसऱ्या एखाद्या देशाचा पासपोर्ट पेटीत असावा, असं हजारो कुटुंबांना वाटू लागलं. पॅसिफिकमधल्या टोंगानं १९८० च्या दशकात त्यांना पासपोर्ट विकले. नाऊरू, मार्शल बेटं, किरिबाती यांनीही पुढं तेच केलं. टोंगाच्या पैशाचं जे झालं ते वाचून वाईट वाटतं. जमा झालेली रक्कम राजानं अमेरिकेतल्या एका गुंतवणूक सल्लागाराच्या हवाली केली, त्याला दरबारचा अधिकृत विदूषकही नेमलं, आणि सुमारे अडीच कोटी डॉलर बुडाले. ज्या देशात एक लाख माणसं राहतात, त्या देशाचे ते पैसे होते.

सेंट किट्सची योजना वीस वर्षं रडतखडत चालली. २००५ मध्ये सरकारनं साखर उद्योग कायमचा बंद केला. शेवटचा हंगाम झाला, कारखाना थांबला. ऊस वाहणाऱ्या छोट्या आगगाडीतून आता पर्यटक फिरतात. गळीत बंद पडलेल्या कारखान्याच्या गावाची अवकळा महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. बेकार झालेल्या कामगारांचं पुनर्वसन करायचं, नवे उद्योग आणायचे, म्हणून २००६ मध्ये साखर उद्योग विविधीकरण प्रतिष्ठान काढलं आणि गुंतवणूकदारांना सांगितलं की घर घ्यायचं नसेल तर या प्रतिष्ठानाला देणगी द्या, नागरिकत्व घ्या. म्हणजे आज जिला जग हिणवतं त्या योजनेतला हा सरळ देणगीचा रस्ता ऊसतोड्यांच्या पोटासाठी काढला होता. २००९ मध्ये युरोपनं सेंट किट्स आणि अँटिग्वाच्या पासपोर्टला व्हिसाविना प्रवेश दिला आणि मग मागणी धो धो वाढली. चीन, रशिया, मध्यपूर्व इथले ग्राहक आले. लंडन, दुबई, झ्युरिकचे दलाल आले. कमिशन त्यांचं.

डोमिनिका या शेजारच्या बेटाची गोष्ट केळ्यांची. १९९३ पासून त्यांनीही नागरिकत्व विकायला काढलं होतं, पण पोट केळीवर होतं. ब्रिटन आणि युरोप या जुन्या वसाहतींची केळी सवलतीनं घेत असत. अमेरिकेनं मध्य अमेरिकेतल्या मोठ्या केळी कंपन्यांच्या बाजूनं जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, १९९७ मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला, आणि डोंगरउतारावर एकदोन एकरात केळी लावणारा शेतकरी बाजारातून बाहेर फेकला गेला. १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया हे चक्रीवादळ डोमिनिकावरून गेलं. नुकसान देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पन्नाच्या २२६ टक्के मोजलं गेलं. तौक्ते चक्रीवादळानंतर पंचनाम्यांसाठी हेलपाटे घातलेल्या माणसानं हा आकडा जरा थांबून वाचावा. डोमिनिकानं त्यानंतर जी पक्की घरं बांधली, ती बरीचशी विकलेल्या नागरिकत्वाच्या पैशातून. त्या घरात राहणाऱ्या बाईला हा धंदा वाईट आहे असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

अँटिग्वाला ऊसही राहिला नव्हता, केळीही नव्हती. पर्यटन होतं आणि कर्ज होतं. २०१३ चा कायदा पंतप्रधान बाल्डविन स्पेन्सर यांच्या सरकारनं केला आणि २०१४ मध्ये आलेल्या गॅस्टन ब्राउन यांच्या सरकारनं तो जोमानं चालवला. त्या काळात राष्ट्रीय विकास निधीला दोन लाख डॉलर द्यायचे, किंवा जमीनजुमल्यात, धंद्यात त्याहून मोठी गुंतवणूक. या देशाचा बावटा आधीपासूनच भाड्यानं जात होता. जर्मन मालकांची कितीतरी मालवाहू जहाजं अँटिग्वा-बार्बुडाच्या नावानं नोंदलेली आहेत, आणि भारतीय खलाशीही अशा परक्या बावट्याच्या जहाजांवर राबतात. खलाशी आपल्या घामाचं घेतो आणि कराराचे महिने संपले की घरी येतो. बावटा कुणाचा याच्याशी त्याच्या नागरिकत्वाचा संबंध नसतो.

मे २०१७ मध्ये मुंबईच्या मेहुल चोक्सी यांनी अँटिग्वाच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला. २०१८ मध्ये पहिल्या पानावर आलेले हिरे व्यापारी ते हेच, गीतांजली जेम्स या कंपनीचे प्रवर्तक. अर्जासोबत मुंबईच्या पासपोर्ट कार्यालयातून मिळालेला पोलीस दाखला जोडला होता. त्यात प्रतिकूल असं काही नव्हतं, असं अँटिग्वा सरकारनं पुढं जाहीर केलं.

अर्ज विचाराधीन असताना, ६ सप्टेंबर २०१७ रोजी, अर्मा हे चक्रीवादळ बार्बुडावर आदळलं. या बेटाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या सगळ्या हकिगतीत मला सर्वांत जवळचं वाटतं ते हेच. बार्बुडा १६१ चौरस किलोमीटरचं, माणसं दोन हजारांच्याही आत, एकच गाव, कॉड्रिंग्टन. सतराव्या शतकापासून कॉड्रिंग्टन घराण्याकडे हे बेट पट्ट्यानं होतं. १८३४ मध्ये गुलामी संपली. मुक्त झालेल्या माणसांनी बेटाची जमीन आपसांत वाटून घेतली नाही, ती सामाईक ठेवली. घराला जागा हवी, परसाला हवी, गुरं चारायला हवी, ती बार्बुडाच्या माणसाला मिळे. विकायचा हक्क कुणालाच नाही. २००७ मध्ये हीच वहिवाट कायद्यात लिहिली गेली. सामाईक जमीन आणि सहहिस्सेदारांच्या सह्या यांत आयुष्य गेलेल्या कोकणी माणसाला ही व्यवस्था चटकन कळेल. भाऊबंदकी तिथंही असणार. पण जमीन टिकली, कारण ती कुणा एकाची नव्हती.

अर्मानं बेटावरच्या सुमारे ९० टक्के इमारती मोडल्या. मागोमाग होजे नावाचं दुसरं वादळ येत होतं, म्हणून सरकारनं सगळ्यांना बोटींत घालून अँटिग्वाला नेलं. तीनशे वर्षांत पहिल्यांदाच बार्बुडावर एकही माणूस उरला नाही. आचऱ्याच्या गावपळणीत चौथ्या दिवशी देव माणसांना घरी बोलावतो. बार्बुडाच्या लोकांनी आठवड्यांमागून आठवडे शेजारच्या बेटावरच्या छावण्यांत काढले. ते तिथं असतानाच विमानतळासाठी त्यांच्या बेटावर जंगल साफ करणं सुरू झालं. आणि डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१८ या काळात संसदेनं जमिनीचा कायदा बदलला. सामाईक वहिवाट मोडून खाजगी मालकीची वाट उघडली. सरकारचं म्हणणं, पुनर्बांधणीला पैसा लागतो, बँका कर्ज देतात ती नावावर जमीन असेल तर. बार्बुडाचे लोक म्हणाले, आम्ही घरी नसताना आमच्या घराचा कायदा बदलला.

याच महिन्यांत दुसरा कागद आपल्या वाटेनं चालला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये चोक्सी यांची अँटिग्वाचे नागरिक म्हणून नोंद झाली. जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी भारत सोडला. १५ जानेवारीला अँटिग्वात निष्ठेची शपथ घेतली. महिनाअखेर सीबीआयनं पहिला गुन्हा नोंदवला आणि १४ फेब्रुवारीला पंजाब नॅशनल बँकेनं शेअर बाजाराला कळवलं की मुंबईतल्या फोर्टमधल्या ब्रॅडी हाऊस शाखेत मोठा गैरव्यवहार झाला आहे. आरोप असा, की हिऱ्यांच्या आयातीच्या नावाखाली पुरेशा तारणाविना हमीपत्रं दिली गेली, ती बँकेच्या मुख्य हिशेबात दिसतच नव्हती आणि त्यांच्यावर परदेशातल्या शाखांतून पैसा उचलला गेला. चोक्सी आणि त्यांचा भाचा नीरव मोदी यांच्या कंपन्यांवर मिळून आकडा १३ हजार कोटींच्या पुढं गेला. चोक्सी आरोप नाकारतात. खटला अजून व्हायचा आहे, म्हणून दोषी की निर्दोष हे न्यायालयानं सांगायचं. पण बँकेचा पैसा गेला, तो ठेवीदारांचा आणि करदात्यांचा पैसा होता.

भारतात नागरिकत्वाचे हे कागद दोन ठेवता येत नाहीत. संविधानाचा अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व कायदा १९५५ चं कलम ९, दोन्ही सांगतात की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून जे ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. तेरेखोल खाडीपलीकडच्या आपल्या गोव्यातल्या सोयऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा आपलं मानतो. त्या आधारावर हजारो गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये कारखान्यांत, गोदामांत, इस्पितळांत राबायला गेले. त्यांनी तो कागद विकत घेतलेला नाही, वारशानं मिळवला. तरी भारताचं नागरिकत्व त्यांनाही सोडावं लागलंच, आणि मतदारयादीतून नाव कमी होताना घरात जे वाटतं ते त्यांनाही वाटलंच. २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्यांतले बहुतेक वर्षानुवर्षं त्या त्या देशात राहून, कर भरून, मुलं वाढवून तिथले झालेले आहेत. त्यांना कुणी बोल लावू नये. इथं गोष्ट चालली आहे ती न राहता नागरिक होण्याची.

चोक्सींनी आपला भारतीय पासपोर्ट जानेवारी २०१९ मध्ये जमा केला, तो गयानाची राजधानी जॉर्जटाउन इथल्या भारतीय उच्चायुक्तालयात. सोबत १७७ डॉलर फी भरली. एका देशाचा माणूस असणं सोडायला तेवढे पुरतात.

त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये भारतानं राजपत्रात अधिसूचना काढून राष्ट्रकुलातला देश म्हणून अँटिग्वाला प्रत्यार्पण कायदा लागू केला होता. अँटिग्वात खटले सुरू झाले. पंतप्रधान ब्राउन यांनी २०१९ मध्ये जाहीर सांगितलं की अपिलं संपली की या माणसाला परत पाठवू, असा नागरिक आम्हाला नको. ज्या सरकारनं शपथ दिली तेच आता हात झटकत होतं. मला 'रहिमी' आठवतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं आपला किनारा झोडपला. देवगड, मालवण, वेंगुर्ल्यात माड आडवे झाले, होड्या फुटल्या, किती दिवस वीज नव्हती. आठवडाभरानं, २३ मे रोजी, चोक्सी अँटिग्वातून नाहीसे झाले आणि काही दिवसांतच डोमिनिकात सापडले. पोलिसांनी बेकायदा प्रवेशाचा गुन्हा लावला. आपल्याला पळवून आणलं, असं त्यांचं म्हणणं. दिल्लीहून सरकारी पथक घेऊन विमान गेलं आणि हात हलवत परत आलं. जुलैत जामिनावर ते अँटिग्वात परतले, पुढच्या वर्षी डोमिनिकानं गुन्हाही मागं घेतला. पुढं उपचारासाठी ते बेल्जियमला गेले. १२ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या पोलिसांनी भारताच्या विनंतीवरून त्यांना अटक केली. १७ ऑक्टोबरला अँटवर्पच्या अपील न्यायालयानं प्रत्यार्पणाला मंजुरी दिली आणि डिसेंबरात बेल्जियमच्या सर्वोच्च पातळीच्या न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. बेल्जियमच्या न्यायालयापुढं ते एक परदेशी नागरिक होते. त्यांच्या खिशातला बेटाचा कागद तिथं कामाला आला नाही. मुंबईत त्यांना आर्थर रोड तुरुंगाच्या बराक क्रमांक १२ मध्ये ठेवू, असं भारतानं लेखी कळवलेलं आहे.

त्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, पॅसिफिकमधल्या वानुआतूचं नाव आलं. आयपीएलचे माजी आयुक्त ललित मोदी यांनी लंडनमध्ये भारतीय पासपोर्ट परत करण्याचा अर्ज दिला; वानुआतूचं नागरिकत्व त्यांना मिळालं होतं. बातमी फुटताच वानुआतूचे पंतप्रधान जोथम नापाट यांनी ते रद्द करण्याचा आदेश दिला. प्रत्यार्पण टाळणं हे नागरिकत्व मागण्याचं योग्य कारण नव्हे, असं त्यांनी स्पष्ट केलं. सुमारे दीड लाख डॉलरची वस्तू एका आदेशानं गेली.

विकत घेणाऱ्याला वाटतं की आपण एक पक्की मालमत्ता घेतली. पण तिची सगळी किंमत तिसऱ्याच्या हाती असते. कॅनडानं २०१४ मध्ये सेंट किट्सच्या आणि २०१७ मध्ये अँटिग्वाच्या नागरिकांना पुन्हा व्हिसा लावला. ब्रिटननं जुलै २०२३ मध्ये डोमिनिका आणि वानुआतूला लावला. युरोपनं वानुआतूची सवलत आधी थांबवली, मग डिसेंबर २०२४ मध्ये कायमची काढून घेतली. ही शिक्षा होते ती कुणाला? पैसेवाल्याजवळ दुसरा पासपोर्ट असतो, तिसरा घेता येतो. डोमिनिकात जन्मलेली परिचारिका, जिला लंडनमधल्या बहिणीच्या बाळंतपणाला जायचं आहे, तिच्याजवळ एकच आहे. परक्यांना विकलेल्या कागदामुळं तिचा स्वतःचा कागद हलका झाला. या धंद्याला माझा विरोध आहे तो इथं. बेटांच्या सरकारांना नावं ठेवण्याआधी आपण ऊस आठवावा, केळी आठवावी, वादळं आठवावी. पण नागरिकत्व ही तिथं राहणाऱ्या सगळ्यांची सामाईक मिळकत आहे, आणि सामाईक मिळकत हिस्सेदारांना न विचारता विकू नये, हे आपल्या वाडीतलं पोरही सांगेल.

मार्च २०२४ मध्ये अँटिग्वा, डोमिनिका, ग्रेनाडा आणि सेंट किट्स यांनी करार करून किमान किंमत दोन लाख डॉलर ठरवली; एकमेकांपेक्षा स्वस्त विकण्याची चढाओढ थांबावी म्हणून. २९ एप्रिल २०२५ रोजी युरोपीय न्यायालयानं माल्टाची अशीच योजना बेकायदा ठरवली. नागरिक आणि देश यांच्यात विश्वासाचं आणि बांधिलकीचं नातं असतं, पैशाच्या व्यवहारातून ते जन्मत नाही, असं त्या निकालाचं सार आहे. मात्र कॅरिबियन बेटांवर तो निकाल लागू नाही. तिकडं नाऊरूनं नवी योजना काढली आहे. समुद्र वर येतोय, किनाऱ्यावरची माणसं बेटाच्या उंच भागात हलवायची आहेत, त्यासाठी पैसा हवा, म्हणून नागरिकत्व विक्रीला.

बार्बुडाचा विमानतळ पुरा झाला, २०२४ मध्ये सुरूही झाला. त्याच्या परवानगीला जॉन मसिंग्टन आणि जॅकलीन फ्रँक या दोन बार्बुडावासीयांनी २०१८ मध्येच आव्हान दिलं होतं. वरच्या न्यायालयानं सांगितलं की हा दावा आणण्याचा तुम्हाला अधिकारच पोचत नाही. ते दोघे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, कारण अँटिग्वाचं अंतिम न्यायालय अजून तेच आहे. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रिव्ही कौन्सिलनं निकाल दिला की या दोघांना आपल्या बेटाबद्दल न्यायालयात उभं राहण्याचा अधिकार आहे. तोवर धावपट्टी तयार होती.